कंपनी : माहीत नाही

कागद फेव्हिकॉलनं चिकटवला होता. चिकटपट्टी वापरली असती तर मी कदाचित एवढी भडकले नसते. चिकटपट्टी निघते, लावणाऱ्याला थोडी तरी भीड आहे असं वाटतं. हा मात्र समोरच्या काचेवर चारही कोपऱ्यांनी पक्का बसवला होता आणि वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘बेवारस वाहन’. मी भाजीची पिशवी बॉनेटवर ठेवली, चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत लावला. वाहनाचा प्रकार : चारचाकी. रंग : सांगता येत नाही. कंपनी : माहीत नाही. खाली दोन ओळी, की सदर वाहन दसऱ्यापर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालू स्थितीत न आढळल्यास उचलून भंगारात देण्यात येईल. सही, शिक्का, तारीख. दसऱ्याला आठ दिवस होते. बेवारस हा शब्द मी एकदा वाचला आणि गिळला. पण त्या ‘माहीत नाही’वरून माझी नजर हलेना. बॉनेटच्या नाकावर अक्षरं आहेत. दोन गळून पडलीत, बाकीची आहेत, ज्याला वाचायचं त्याला वाचता येतात. मी इंग्रजी मुळाक्षरं शिकले ती पाटीवर नाही, या नाकावर. एस, टी, यू. उन्हात तापलेल्या त्या अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि चटका बसला की दुसरं बोट. आणि ह्यांनी दोन पावलं पुढं येऊन वाचायचे कष्ट घेतले नाहीत. अरे, निदान विचारायचं तरी. दुसऱ्या मजल्यावर तर राहते मी, काही अमेरिकेत नाही.

शेखर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीचा फॉरमॅट असतो. मी तशीच पिशवी घेऊन त्याच्या दारात गेले. “काकू, तो फॉरमॅट आहे हो,” तो म्हणाला, “बेवारस वगैरे मनाला लावून घेऊ नका. जनरल बॉडीत ठराव झालाय. बंद गाडीला पार्किंग नाही. तुमच्या जागेवर चार्जिंग पॉइंट करायचाय. पाच जणांकडं इलेक्ट्रिक गाड्या आल्यात आता. तुमची ती जुनी अँबॅसिडर...”

“अँबॅसिडर नाही ती.”

“मग फियाट?”

“स्टुडबेकर.”

“असं होय,” तो म्हणाला. नाव त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानापर्यंतही पोचलं नाही हे मला दिसत होतं. “कंपनी चालू आहे का अजून?”

“नाही. बंद झाली.”

“मग!” तो म्हणाला, आणि हसला.

तो ‘मग’ घेऊन मी जिना चढले. कंपनी बंद झाली, मग गाडी कशाला? नोकरी संपली, मग बाई कशाला? तसं तो म्हणाला नव्हता, पण मी ऐकलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं बॉयलरच्या पाण्याच्या चाचण्या केल्या. पाण्यात किती क्षार, किती प्राणवायू, दर पाळीला नमुना, दर नमुन्याला सही. तिथले सगळ्यात जुने संच कायमचे थांबवले तेव्हा त्यांच्यावर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं चिमणीकडं बघत उभी होती. मला तेव्हाही राग आला होता. थांबवा, पण थांबवताना निदान नाव तरी घ्या. जिन्यातूनच मी मागं वळून ओरडले, “शेखर, या कंपनीनं पहिली मोटार काढली ती विजेची होती. एकोणीसशे दोन साली. तुझा पॉइंट सव्वाशे वर्षं उशिरा येतोय.” तो दारात उभा राहून मान हलवत राहिला. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना लोक हलवतात तशी.

हे सगळं मला दादांनी सांगितलं. दादा म्हणजे माझे वडील, गोरक्ष. सटाण्याकडचे. त्यांच्या वडिलांचा धंदा बैलगाड्या करायचा. लाकडी चाक करायचं, त्याच्यावर लोखंडाची धाव लालभडक तापवून चढवायची, वरून पाणी ओतायचं, की धाव आवळून चाकाला मिठी मारते. दादांच्या नाकात तो वास आयुष्यभर होता. गाड्या करून पोट भरेना तेव्हा ते ड्रायव्हर झाले, आणि एकोणसाठ साली मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याची ही जुनी मोटार त्यांनी घेतली. अठ्ठेचाळीसचं मॉडेल, चँपियन. नाशिक, मालेगाव, सटाणा अशी टॅक्सी चालवली. हिची मागची दारं उलटी उघडतात, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे, आणि डिकी पुढच्या नाकाइतकीच लांब, त्यामुळं ही येतेय की जातेय हे लांबून कळत नाही. चांदवडच्या घाटात समोरून येणारे बैलगाडीवाले बुचकळ्यात पडायचे म्हणे. गाडीसोबत त्या अमेरिकन कंपनीच्या इतिहासाची एक पुस्तिका आली होती आणि रोज मागच्या सीटवर बसणाऱ्या एका मास्तरांनी ती दादांना वाचून दाखवली, चांदवड येईपर्यंत दोन पानं, मालेगाव येईपर्यंत चार. लोहाराची पाच पोरं. एक भाऊ सोनं शोधायला गेला, आणि सोनं सोडून खाणीवाल्यांना हातगाड्या करून विकायला लागला. तो पैसा घेऊन परत आला आणि भावांनी मालगाड्या केल्या, घोड्यांच्या. लढाई आली, फौजेला गाड्या लागल्या. माणसं पश्चिमेला निघाली, त्यांना गाड्या लागल्या. जगात इतक्या गाड्या कुणी केल्या नव्हत्या. मग विजेची मोटार, मग पेट्रोलची. एकदा दिवाळं निघालं, तरी उठले. दुसरं महायुद्ध संपलं आणि मोठमोठ्या कंपन्या अजून जुनेच साचे पुसून काढत होत्या, तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा नवीन घडणीची गाडी रस्त्यावर आणली. तीच ही. दादा गोष्टीत इथवर आले की स्टिअरिंगवर थाप मारायचे. “आपल्यातलेच हायेत ते,” ते म्हणायचे. “गाडीवाले. धाव चढवणारे.” ते हे इतक्या सहज म्हणायचे, की ती पाच भावंडं आमच्या सटाणा-बागलाणातलीच कुठली तरी असावीत असं मला बरीच वर्षं वाटायचं. आईला, सगुणाबाईला, ह्या सोयऱ्यांचा कंटाळा होता. “ह्यांचं अर्धं घर तिकडंच हाय,” ती म्हणायची आणि चूल फुंकायची.

अडुसष्ट साली पाण्याचा पंप फुटला. दादांनी मास्तरांना मधे घालून थेट कंपनीला पत्र लिहिलं. मास्तरांनी इंग्रजी केलं, पण मजकूर दादांचा. सुरुवातीलाच, आमच्या वडिलांनीही गाड्याच केल्या, तरी आपण ओळख ठेवावी. मग पंपाची मागणी, मग सगळ्या भावांना नमस्कार. ते भाऊ मरून पन्नास-पन्नास वर्षं झाली असतील! सात महिन्यांनी पाकीट परत आलं. त्याच्यावर बोट दाखवणाऱ्या हाताचा जांभळा शिक्का. पत्ता घेणारा कुणी नाही. कारखाना बंद होऊन पाच वर्षं होऊन गेली होती, आणि आम्ही इकडं दर दसऱ्याला गाडीला हार घालत होतो. पुढं मी मोबाइलवर वाचलं ते असं, की दोन मोठ्या कंपन्यांनी एकमेकींना खाली पाडायला किमती पाडल्या आणि चिरडले गेले हे तिसरेच. मग ह्यांनी दुसऱ्या एका बुडत्या कंपनीचा हात धरला, आणि दोघं मिळून जरा लवकर बुडाले. त्रेसष्टच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, कामगारांना सांगितलं की संपलं. शेजारच्या देशातल्या एका कारखान्यातून आणखी दोन-अडीच वर्षं थोड्या गाड्या निघाल्या, मग त्याही थांबल्या. पाकीट परत आलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. पाकीट हातात घेऊन दादा पायरीवर बसलेले मला आठवतात. आई म्हणाली, आता विका ती. दादा म्हणाले, “कंपनी बंद झाली. गाडीनं कुठं सांगितलंय मी बंद झाले म्हणून?” आणि पंप त्यांनी स्वतः केला, भंगारातल्या पितळेचा. पहिले दोन गळले, तिसरा बसला. त्यानंतर त्या गाडीतला जो भाग गेला तो त्यांच्या हातचा आला. निम्मी गाडी अमेरिकेची, निम्मी नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या लेथवरची.

मी हिच्यावरच गाडी शिकले. सतरा वर्षांची होते. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर दादा शेजारी बसायचे आणि काहीच शिकवायचे नाहीत. फक्त सांगायचे, कानानं चालव. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची, गोरक्षाची पोर मोटार हाकतेय. मला ते बघणं आवडायचं, खोटं कशाला बोलू. आणि दसऱ्याला लिंबू चिरडायचा मान माझा. सगळे गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, त्यात काय. पण दादांचा नियम होता, लिंबू इंजिनानं चिरडायचं. ढकलून चिरडलेलं लिंबू त्यांना चालत नसे. टॅक्सी बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी वर्षातून त्या एका दिवशी झेंडूचा हार, हळदकुंकू, इंजिनाचा तो घसा खाकरल्यासारखा आवाज, आणि चाकाखाली फच्‌. मग आपट्याचं सोनं. माझं लग्न झालं, हर्षाली झाली, तरी दसऱ्याला लिंबू मीच.

आणि मीच ते थांबवलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हर्षालीला नाही, तिचे बाबा गेले त्यांनाही नव्हतं सांगितलं. दोन हजार अकराच्या पावसाळ्यात दादा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि एका दुपारी मला प्रयोगशाळेत ट्रॅफिक पोलिसाचा फोन आला. द्वारका सर्कलच्या मधोमध गाडी चालू ठेवून दादा अर्धा तास बसून होते. चौफेर भोंगे. त्यांना घर कुठल्या बाजूला ते आठवत नव्हतं. मी पोचले तेव्हा त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “रोहिणी, तू सांग, हिचं तोंड कुठं हाय?” मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल माया वाटायला हवी होती. मला लाज वाटली. लोक बघत होते, आणि या वेळी ते बघणं मला आवडलं नाही. गाडी चालवू नका असं तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून रविवारी ते झोपले असताना मी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतलं रोटर बटण काढून घेतलं. अंगठ्याएवढं असतं ते, काळ्या बेकलाइटचं, वर पितळेची पट्टी. फिरत फिरत प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटतं. ते नसलं की स्टार्टर फिरतो, इंजिन गरगरतं, पण पेटत नाही. दादांनीच दाखवलं होतं मला ते, गंगापूरच्या रस्त्यावर. कुणी गाडी चोरू नये म्हणून काढून खिशात टाकायचं, असं सांगितलं होतं. मी त्यांचीच युक्ती त्यांच्यावर वापरली.

त्या दसऱ्याला लिंबू चाकाखाली तसंच राहिलं. दादांनी स्टार्टर मारला, मारला, शेवटी उतरले. ते लिंबू मी उचलून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. आणि त्यानंतर नऊ महिने ते रोज सकाळी बॉनेट उघडून उभे राहायचे. प्लग काढायचे, पुसायचे, लावायचे. मी कामाला निघताना विचारायचे, काही सापडलं का? काय निगरगट्टपणा माझा! ते म्हणायचे, बघू. नऊ महिन्यांनी ते गेले. मी समजून होते, की आपली गाडी मेली असं समजून ते मेले. रामकुंडावर अस्थी सोडायच्या होत्या. देवव्रत गुरुजी मंत्र म्हणत होते, मी पंचपाळ्यात लपवलेलं ते रोटर बटण मुठीत आणलं होतं, आणि अस्थींबरोबर तेही सोडलं. गुरुजींनी बघितलं. “काय होतं ते, ताई?” मी म्हटलं, त्यांचं होतं. तिथल्या पाण्यात अस्थी विरतात असं म्हणतात. बेकलाइट विरत नाही, हे मी रसायनशास्त्राची पदवीधर असून त्या वेळी मला सुचलं नाही. ज्याचं होतं त्याला परत करून टाकावं, एवढंच वाटलं होतं. म्हणजे मी गाडी एकदा नाही, दोनदा बंद केली. त्यानंतर दरवर्षी हार घातला, लिंबू ठेवलं, नमस्कार केला, आणि न चिरडलेलं लिंबू उचलून त्याच कप्प्यात टाकलं. फेकवत नव्हतं. आमचं जुनं घर गेलं, गाडी टो करून या सोसायटीत आणली, तेव्हाही ती लिंबं आत होती, वाळून सुपारीएवढी झालेली.

रात्रीच्या फोनवर हर्षाली म्हणाली, “आई, पॅनिक होऊ नकोस. मी बघितलंय, हिचे पार्ट अजून ऑनलाइन मिळतात, तिकडं शौकीन लोक आहेत. पण यायला तीन आठवडे. आणि दुसरं म्हणजे गंगापूरच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे, त्यांना लॉनवर ठेवायला जुनी गाडी हवीय. इंजिन काढून बॉनेटमध्ये फुलझाडं लावतात. छान दिसतं गं. लोक फोटो काढतील. भंगारापेक्षा बरं नाही का?” मुलगी माझ्या भल्याचंच बोलत होती. मी म्हटलं, “मी मेल्यावर माझ्या पोटात शेवंती लावशील का?” ती म्हणाली, “आई, काहीही काय बोलतेस!” मी म्हटलं, “तेच.” आणि फोन ठेवला. मला लॉनवरचं जगणं नको होतं, गाडीला नाही आणि मलाही नाही. तिला चालायचं होतं, निदान एका लिंबाएवढं.

नवनाथ मेकॅनिकचं दुकान अजून द्वारकेजवळच आहे, उड्डाणपुलाच्या सावलीत. सत्तरीला आला असेल. कसमादे पट्ट्यातला, म्हणजे मालेगाव-सटाण्याकडचाच, दादांशी तो अहिराणीतच बोलायचा, माझ्याशी सगळं मिसळून. दुसऱ्या दिवशी आला, गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवरचा कागद वाचला आणि थुंकला. मग बॉनेटमध्ये कान घालून उभा राहिला, बंद इंजिनातून काय ऐकू येत होतं कोण जाणे. “ताई, हाई मरेल नही शे,” तो म्हणाला. मग माझ्यासाठी म्हणाला, “मेलेली नाय. गंज हाय, पण जीव हाय.” त्यानं प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं आणि दोन दिवस हात लावायचा नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी हँडल घालून दोघांनी मिळून जोर लावला, माझी पाठ मोडायची बाकी होती, आणि इंजिन अर्धा फेरा फिरलं. मला रडू आलं. शेखर गॅलरीतून बघत होता म्हणून मी रडले नाही. चौथ्या दिवशी टायरांत हवा, नवी बॅटरी, कार्बोरेटर रॉकेलमध्ये. पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती, म्हणून नवनाथनं पेट्रोलची बाटली उलटी करून छताला बांधली आणि तिथून नळी इंजिनात सोडली. पाचव्या दिवशी तो डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढणार हे मला माहीत होतं. मी सकाळपासून चहावर चहा करत होते. त्यानं झाकण काढलं, आत बघितलं आणि माझ्याकडं वळला.

“हे अजून बसवलं नाय तुम्ही?”

मी म्हटलं, “नवनाथभाऊ, ते माझ्याकडं नाही. मीच काढलं होतं. दादांच्या अस्थींबरोबर रामकुंडात टाकलं.” तेरा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर आलं, आणि तेही पार्किंगमध्ये, तेलानं बरबटलेल्या माणसासमोर. त्यानं झाकण बॉनेटच्या कडेला ठेवलं.

“ते नाय हो,” तो म्हणाला. “दुसरं. दादांनी केलेलं.”

“दादांनी केलेलं?”

“माझ्याच दुकानात. माझ्याच लेथवर. तीन दिवस बसले व्हते. हात लटलट कापायचे, दोन तुकडे फुकट गेले. तिसरं बसलं. मी म्हनलं चला, आत्ता घालू. तर म्हनले, नाय. पोरीनं काढलंय, काहीतरी इचार करून काढलं आसंल. तिच्या हातानं बसू दे.” नवनाथ हात पुसत होता. “तुम्हाला दिलं नाय त्यांनी?”

मी गाडीत बसले. सीटच्या फाटक्या चामड्याची कड मांडीला टोचत होती. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दसऱ्यापासूनच असेल, झाकण काढलं त्या सकाळपासून. काही सापडलं का, म्हणून मी विचारायचे आणि ते म्हणायचे, बघू. प्लग पुसत नऊ महिने उभे राहिले, मला काही कळू नये म्हणून. मला आधी लाज वाटेल असं वाटलं, पण संतापच आला. का ऐकलंत माझं? अख्ख्या कंपनीचं ऐकलं नाहीत तुम्ही, तिकडून शिक्का मारून पाकीट परत आलं तरी ऐकलं नाहीत, आणि माझं ऐकलंत? भांडायचं होतंत. माझ्या अंगावर यायचं होतंत. मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि डॅशबोर्डचा कप्पा धाडकन उघडला, तो सैलच आहे. लिंबं घरंगळून माझ्या मांडीवर आली. त्यांच्या मागं ते पाकीट होतं, जांभळ्या हाताचं. तेरा वर्षं मी दर दसऱ्याला त्याच्या पुढ्यात लिंबू टाकत आले आणि एकदाही ते उघडलं नाही, कारण आत काय आहे हे मला पाठ होतं. मी उघडलं. पत्र होतं. आणि पत्राच्या घडीत जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेलं, अंगठ्याएवढं, काळं. पितळेची पट्टी घासून घासून चकचकीत केलेली. ती एका बाजूनं किंचित तिरकी आहे. हात कापायचे म्हणाला ना तो.

बसवलं मी. नवनाथ बाजूला सरकून उभा राहिला, एका शब्दानं सूचना केली नाही. सहाव्या दिवशी दुपारी इंजिन तीनदा खोकलं आणि पेटलं, आणि काळा धूर अख्ख्या पार्किंगभर झाला. वरून कुणी तरी ओरडलं. नवनाथनं गिअरचा दांडा हलवून बघितला, खाली शिरला, बाहेर आला आणि डोकं खाजवायला लागला. “पुढचे गिअर पडत नाय. सळी वाकलीय. फकस्त उलटा पडतो. खोलायला चार दिस पाह्यजे.” चार दिवस कुठले, मधे एकच दिवस होता. मी काचेवरचा कागद पुन्हा एकदा वाचला. स्वतःच्या इंजिनावर चालू स्थितीत. तोंड कुठं हवं हे लिहिलेलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता निम्मी सोसायटी खाली होती, आपापल्या गाड्या धुवायला, हार घालायला. त्या पाच विजेच्या गाड्याही होत्या, त्यांनाही हार, त्यांनाही लिंबू. मी नऊवारी नेसले होते, आईची. का नेसले कुणास ठाऊक. हर्षाली पुण्याहून पहाटे निघून आली होती आणि हारातली फुलं सारखी करत होती. तिला मी आदल्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं. आल्या आल्या तिनं ते पत्र दोनदा वाचलं होतं. मी हळदकुंकू वाहिलं, नाकावरच्या उरलेल्या अक्षरांवर एकेक बोट. मग कप्प्यातली सगळी लिंबं काढली आणि मागच्या चाकाच्या मागं ओळीनं मांडली, वाळकी आधी, सगळ्यात शेवटी आजचं ताजं. “काकू, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवतात,” शेखर म्हणाला. नवा कुर्ता घालून, हातात फाइल घेऊन आला होता, ठरावाची नोंद करायला. मी म्हटलं, “ज्या बाजूला जायचं त्या बाजूला ठेवतात.”

गाडीत बसले. काचेवर तो कागद तसाच होता, बेवारस, मी खरवडला नव्हता. राहू दे म्हटलं, आतून उलटा वाचायला मजा येते. किल्ली. स्टार्टर. एकदा गरगरलं, दुसऱ्यांदा गरगरलं, आणि मला त्या दसऱ्याचे दादा दिसले, मारतायत, मारतायत. कानानं चालव. तिसऱ्या वेळी मी पाय किंचित उचलला आणि ठिणगी पडली, त्या तिरक्या पट्टीनं सहाही सिलिंडरांना वाटून दिली. घसा खाकरल्यासारखा आवाज. दांडा उलट्या गिअरमध्ये. क्लच सोडला, आणि अंगाखालून ती गाडी हलली. पहिलं वाळकं लिंबू फुटलं तो आवाज मला सीटमधून कळला, कडक, सुपारी फोडावी तसा. ते दादांच्या शेवटच्या दसऱ्याचं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं. मी मोजत नव्हते. शेवटी फच्‌.

लोक टाळ्या वाजवत होते. कुणी तरी मोबाइल वर धरला होता. मी थांबले नाही, उलटीच निघाले. मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर, दादा ठेवायचे तसा, इमारतीच्या कडेनं, झाडांच्या कुंड्या चुकवत, गेटच्या वॉचमनला बाजूला करत, पुन्हा वळून. हर्षाली शेजारून धावत होती आणि हसत होती. समोरून बघणाऱ्याला ही येतेय की जातेय हे कळत नसणार. शेखर फाइल छातीशी धरून आडवा आला. “झालं काकू, झालं! चालू आहे, मी लिहितो, चालू आहे. आता बंद करा.”

“कंपनीचं नाव लिही आधी.”

“सांगा, लिहितो.”

“पुढं जाऊन वाच.”

तो खरंच गेला. नाकाशी वाकून, बोट लावून, एकेक अक्षर वाचायला लागला, आणि गळलेल्या दोन अक्षरांपाशी अडला. त्याच्या जागी मी सहा वर्षांची दिसत होते मला. हर्षालीनं त्याला ती दोन सांगितली. त्यानं लिहिलं. मग पुन्हा खिडकीशी आला, धुरानं डोळे चोळत. “लिहिलं, काकू. आता बंद करा ना.”

दोनदा बंद केली होती मी, या हातांनी. छताला बांधलेली बाटली अजून अर्धी होती. मी क्लच सोडला आणि इमारतीला दुसरी फेरी घ्यायला निघाले.